वाचनालयाच्या डेकसाठी हात हवेत, थोडे पैसेही

मंडळी नमस्कार. वाचनालयामागे म्हादई नदीच्या बाजूला आपला जो सागवानी डेक आहे त्याची हालत गावात राहणाऱ्यांनी बघितलीच आहे, जे मुंबई-पुण्याला नाहीतर गल्फमध्ये आहेत त्यांना कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सत्तरी तालुक्याचा पाऊस चार महिने खाऊन डेक शेवाळाने हिरवागार झाला होता, संध्याकाळी बसायला येणारी म्हातारी माणसं घसरतील अशी भीती वाटायला लागली, म्हणून दसऱ्याच्या आधी कमिटीतल्या आम्ही काही जणांनी भाड्याने प्रेशर वॉशर आणला आणि एका सकाळी सगळा डेक धुवून काढला. नोझल एकदम बारीक धारेचं लावलं आणि गन फळीच्या अगदी जवळ धरली, तिथेच चुकलं. ओला होता तोवर नव्यासारखा दिसत होता. सुकल्यावर मात्र गन जिथून जिथून फिरली तिथे फिकट पट्टे, खोल रेघा आणि सगळीकडे उभे राहिलेले लाकडाचे तंतू. शनिवारी गोष्टी ऐकायला येणारी मुलं तिथे अनवाणी बसतात, दोघांच्या पायात कुसळं गेली तेव्हा डेक बंद केला. चूक कमिटीची आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

झालं काय तर सागवानात कडक आणि नरम थर एकाआड एक असतात, जोराच्या धारेने नरम भाग उकरला जातो आणि कडक भाग वर राहतो. त्यामुळे परत धुवून हे पट्टे जाणार नाहीत, उलट वाढतील. नुसतं वरून तेल मारलं तरी उपयोग नाही, उकरलेली जागा जास्त तेल पिते आणि डाग अजून गडद दिसतात. काही जणांनी होड्यांना लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं, लाकूड टिकायला ते चांगलंच, पण काळं पडतं आणि कच्चं असेल तर कातडी भाजते, मुलांच्या बसायच्या जागी नको असं ठरलं.

आता सुतार मेस्ताशी बोलून काम असं ठरवलंय. आधी वर आलेले सगळे स्क्रू आत बसवायचे, नाहीतर घासायच्या मशीनवरचा (सँडर) कागद फाटतो. मग 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून रेघा सपाट करायच्या आणि 80 वर थांबायचं, त्याहून गुळगुळीत केलं तर तेल आत मुरत नाही. गंजाचे काळे डाग आणि राखाडीपणा घालवायला ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी, ते विषारी असतं म्हणून ग्लोव्हज-गॉगल लागतीलच आणि त्या दिवशी मुलांना आणू नका. ब्रश नायलॉनचा, तारेचा अजिबात नको, तारेचे कण लाकडात राहिले की पुन्हा काळे डाग पडतात. ब्रश लाकडाच्या तंतूंना आडवा आणि हलका मारायचा, बोटींचे सागवानी डेक धुणारेसुद्धा तसाच मारतात. नंतर साध्या पाइपने धुवून पूर्ण सुकू द्यायचं आणि बुरशीचं औषध असलेलं डेक ऑइल दोन हात. जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी हवा हातची गेली तर जूनच्या पावसात उघडं लाकूड सडायला लागेल, म्हणून घाई.

डेक 30 फूट बाय 12 फूट. चार फळ्या कडेला सडल्यात त्या बदलायच्या, मेस्ताची मजुरी, तेल, बाकी सामान धरून अंदाज 40 हजारांचा आहे. 15 हजार वाचनालयाने बाजूला काढलेत, उरलेले 25 तुमच्याकडून हवेत. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल, काउंटरवर क्यूआर कोड पण लावलाय, आणि प्रत्येक बिल नोटीस बोर्डवर लागेल. कुणाकडे सँडर मशीन असेल तर दोन रविवार उसनं द्या, भाडं वाचेल. घरी जुनं सागवान पडून असेल, दाराची चौकट वगैरे, तर मेस्त येऊन बघून जाईल, त्यातून फळ्या निघाल्या तर फारच बरं.

आणि माणसं हवीत. जानेवारीतले शेवटचे दोन रविवार, सकाळी 8 पासून. जुने कपडे घाला, मास्क आणा, घासताना धूळ खूप उडते. तेलाची फडकी कुणीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पाण्याची बादली ठेवलेली असेल त्यात टाका. चहा आणि भाजीपाव वाचनालयातर्फे. येणार असाल तर काउंटरवरच्या वहीत नाव लिहून ठेवा, म्हणजे पाव किती सांगायचे ते कळेल.