तहकूब ग्रामसभेचे इतिवृत्त कोण वाचणार?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या घरी आली होती. तिच्या प्रकल्पाचा विषय होता 'ग्रामसभेतील महिलांचा सहभाग'. मी शिंदखेडा आणि साक्री तालुक्यांत तीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली असल्यामुळे कोणीतरी तिला माझे नाव सांगितले असावे. तिच्याजवळ दोन पानांच्या प्रश्नावलीच्या पन्नास झेरॉक्स होत्या. 'ग्रामसभेत महिलांना बोलू दिले जाते का? होय / नाही / सांगता येत नाही.' अशा वीस प्रश्नांची उत्तरे पन्नास बायकांकडून भरून घ्यायची, त्यांची टक्केवारी काढायची, दोन-चार रंगीत वर्तुळे काढायची आणि शेवटी जनजागृती व्हावी अशी शिफारस करायची, एवढा तो प्रकल्प होता. मी तिला विचारले, "पोरी, ग्रामसभेचे इतिवृत्त पाहिलेस का?" ती म्हणाली, "ते काय असतं काका?" सभेत कोण आले, काय बोलले आणि काय ठरले याची रजिस्टरातली नोंद म्हणजे इतिवृत्त.

मी तिला घेऊन गावातल्या पंचायतीत गेलो. हल्लीच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कपाटातून जुनी दोन रजिस्टरे काढून दिली. हजेरीच्या पानावर पहिल्या दहा-बारा सह्या वेगवेगळ्या पेनांच्या, वेगवेगळ्या वळणाच्या होत्या. त्याखाली जांभळ्या शाईचे अंगठे होते. त्यानंतरच्या वीस-पंचवीस सह्या मात्र एकाच पेनाच्या आणि एकाच बाजूला कललेल्या होत्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि ती न भरल्यास सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते, हे तिने पाठ केलेले होते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती, म्हणजे ही किमान हजेरी, लागत नाही, आणि त्यामुळे घरकुलाच्या लाभार्थ्यांसारखे गावाला सर्वांत जिव्हाळ्याचे ठराव नेमके तहकूब सभेतच होऊन जातात, हे तिच्या पुस्तकात नव्हते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. त्या रजिस्टरात महिला सभेची आणि ग्रामसभेची तारीख एक होती, अक्षर एक होते, आणि सूचक-अनुमोदक बायकांची तीच दोन नावे पानामागून पान फिरत होती. (हे मी कोणावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. अशी पाने मीही लिहिलेली आहेत, आणि ती का लिहावी लागतात हे कोणी अभ्यासकाने विचारले असते तर सांगितलेही असते. तीस वर्षांत कोणी विचारले नाही.)

परत येताना ओट्यावर गहू निवडत बसलेल्या एका आजीला तिने प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला. आजी म्हणाली, "सभाले कसाले जावानं माय? ठराव ते आधीच लिखाई जास." या उत्तरासाठी प्रश्नावलीत चौकोन नव्हता. तिने 'सांगता येत नाही'वर खूण केली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इतिवृत्तांवरून प्रकल्प करण्याची तिची इच्छा होती, परंतु मार्गदर्शक सरांनी ठरलेला नमुना सोडू नका, वेळ कमी आहे, असे सांगितले. सरांवर रागावण्याचे मला कारण दिसत नाही. ते तासिका तत्त्वावर शिकवतात, सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्याच्या ठिकाणी, असे तिनेच सांगितले. ज्याचे मानधन तासावर मोजले जाते आणि पुढच्या जूनमध्ये आपण तिथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यातली दफ्तरे चाळत बसावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? माझा प्रश्न आहे तो कायमच्या नेमणुकीवर असलेल्या, विद्यापीठाच्या विभागात आणि मोठ्या महाविद्यालयांत बसणाऱ्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आणि पीएच.डी.चे विषय मंजूर करणाऱ्या प्राध्यापकांना.

१५ ऑगस्ट १९९० रोजी आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले ते जळगाव, धुळे आणि नंदुरबार या भागाच्या गरजा पुण्याहून नीट दिसत नाहीत म्हणून. राज्यशास्त्राच्या माणसाला या भागात विषयांचा तोटा नाही. धुळे लोकसभा मतदारसंघातील सहापैकी तीन विधानसभा मतदारसंघ नाशिक जिल्ह्यात आहेत. धुळे जिल्ह्यातील साक्री आणि शिरपूर नंदुरबारला जोडलेले आहेत, आणि बुलढाण्याचे मलकापूर रावेरला. म्हणजे खासदार एका जिल्ह्याचा, जिल्हा परिषद दुसऱ्या जिल्ह्याची आणि पालकमंत्री तिसराच, अशा स्थितीत मतदार आपले गाऱ्हाणे नेमके कोणाच्या दारात नेतो? पंचायतींना राज्यघटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींची मुदत पाच वर्षांची ठरली. असे असूनही जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे लोकनियुक्त सदस्य नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात गावाचा रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांसाठी माणसे कोणाकडे गेली? आमदारांकडे, ठेकेदारांकडे की थेट साहेबांकडे? ही नोंद त्या-त्या वेळीच करावी लागते. आता विचारायला गेलात तर सगळे ठीक होते असेच ऐकायला मिळेल.

नंदुरबारचे तर बोलायलाच नको. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, आहेत. अशा भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्रातले नियम २०१४ चे. या नियमांनुसार पाड्याला स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट मोकळी झाली. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात नोकरी करताना मी पाहिलेले आहे की, पाड्यावरची सभा झाडाखाली भरते, तिथे बायका मागे बसत नाहीत आणि बोलणे कागदावर येईपर्यंत त्यातले निम्मे गळून पडते, कारण बोलणे मावची किंवा कोकणी या इथल्या आदिवासी बोलींत असते आणि ठराव सरकारी मराठीत. एखाद्या संशोधकाने वर्षभर एकाच पाड्यावर बसून हे गळणे टिपले, तर लोकशाही म्हणजे काय यावर शिकवण्यासारखे एक अख्खे प्रकरण तयार होईल. सरदार सरोवरात आपल्याकडची ३३ गावे बाधित झाली. नव्या वसाहतींत त्यांची नवी पंचायत कशी उभी राहिली, जुने कारभारी तिथे टिकले की मागे पडले, हेही आपल्याच विद्यापीठातून कळायला हवे. इंग्रजीत हे कुठे लिहिले गेले असेल तर ते तळोदा तालुक्यातल्या सरपंचांपर्यंत पोहोचलेले नाही.

प्राध्यापकांची बाजू मी ऐकलेली आहे. पदोन्नतीला गुण लागतात, आणि २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे या गुणांचे जे तक्ते आले, त्यांनी शोधनिबंधाची संख्या मोजली, वाचक मोजले नाहीत. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली, पण पैसे भरून निबंध छापण्याची लागलेली सवय यादीबरोबर गेली नाही. तरीही पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातील राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर, यशवंत सुमंत या प्राध्यापकांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर मराठीत सातत्याने लिहिले, आणि आमच्यासारख्या नोकरदारांनीही ते वाचले. ते काही फक्त पुण्याच्या पाण्याचा गुण नव्हे. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन जळगाव जिल्ह्यातल्या ज्या फैजपूरला भरले, त्या मुलखात राजकारणावर विचार करणारी माणसे नसतील, हे मला पटत नाही. निवडणुकीच्या रात्री वाहिन्यांवर आमच्या भागाविषयी बोलायला मात्र मुंबईचे विश्लेषक बसतात आणि धडगावचा उच्चारही चुकवतात.

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की, एम.ए.च्या प्रकल्पात किमान एका ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या पाच वर्षांच्या इतिवृत्तांचे वाचन सक्तीचे करावे, त्याला प्रश्नावलीपेक्षा जास्त गुण ठेवावेत आणि त्यातले चांगले प्रकल्प मराठीत छापून त्या-त्या गावाच्या ग्रंथालयात ठेवावेत. इतिवृत्त हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. कोणी दाखवायला कुरकुर केली, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, आणि त्याचा अर्ज लिहिणे हाही राज्यशास्त्राचाच धडा ठरेल.

रजिस्टरातली भाषा सुरुवातीला कळत नाही. 'सर्वानुमते मंजूर' कधी खरे असते आणि कधी नसते, हे पानावरच्या मोकळ्या जागेवरूनही ओळखता येते, पण ते कोणीतरी बोट ठेवून दाखवावे लागते. शनिवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो. शिंदखेडा तालुक्यातल्या कोणत्याही पंचायतीत विद्यार्थ्यांबरोबर यायला मी तयार आहे, मानधन नको. बरोबर त्यांचे प्राध्यापकही आले तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
ता. शिंदखेडा, जि. धुळे