करीच्या पॅडॉकमध्ये भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय पावसावर नेलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. कोइंबतूरहून परतून आता बरेच दिवस झाले, तरी तिथल्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर, गाड्या उभ्या करायच्या पॅडॉकमध्ये, तुम्ही माझी तापणारी गाडी ताळ्यावर आणलीत ती दुपार कुणाला सांगायला लागले की माझा आवाज अजून जड होतो.

माझी गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबतो. रोजच्या वापरात एकदम गुणी. भर मे महिन्यात खंबाटकी चढतानासुद्धा तापमानाचा काटा जागचा हलत नाही. ट्रॅकवर मात्र दोन-तीन लॅप, म्हणजे फेऱ्या, झाल्या की तिचा जीव जायचा. एक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि गाडी ओढतच नाही. बाहेर तेहतीस-चौतीस अंश, आणि स्कॅनरवर इनटेकची, म्हणजे इंजिनात शिरणारी, हवा सत्तरच्या पुढे! हवा तापली की विरळ होते, दर १० अंशांना साधारण ३ टक्के. वर पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड नॉक सेन्सरला जाणवली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, टर्बोचा दाब म्हणजे बूस्ट उतरवतो. गाडी स्वतःला वाचवत असते, आणि बरोबरच करते. पण एवढं तरी मला कुणी नीट सांगायला नको होतं का?

एका गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, "टर्बो आहे, तापणारच." दुसऱ्याने टर्बोतून येणारी हवा गार करणारा मोठा इंटरकूलर गळ्यात मारला. तिसऱ्याने बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून मागची कड बोटभर उचलली, इंजिनखालचा अंडरट्रे काढून टाकला आणि "आता वारं खेळेल" म्हणत बिल पुढे केलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जास्त लागलं ते वेगळं. यातलं कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं. सगळं बोलणं माझ्या धाकट्या भावाशी. त्याला गाड्यांत काडीचा रस नाही, तो बिचारा सोबत म्हणून येतो. गाडी माझी, चालवणार मी, प्रश्न मी विचारतेय आणि उत्तर त्याच्या तोंडाकडे बघून! "साहेब, मॅडमना सांगा, जरा बेतानं चालवत जा." हे ऐकून मी किती वेळा गप्प बसले, ते माझं मला माहीत.

तुम्ही दुसऱ्याच टीमबरोबर आला होतात. तुमची गाडी ट्रॅकवर सेशनला गेलेली, माझं बॉनेट उघडं दिसलं म्हणून चिंधीला हात पुसत आलात. सवयीप्रमाणे भाऊ पुढे झाला. तुम्ही विचारलंत, "चालवतंय कोण?" तो म्हणाला, "ताई." बस्स, त्यानंतर तुम्ही त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. खिशातला इन्फ्रारेड थर्मामीटर काढून माझ्या हातात ठेवलात. "धरा. आकडं तुम्ही बगा, मी लिवून घेतो." आणि ऑइल फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, कानावरची पेन्सिल काढून, खरंच लिहायला उभे राहिलात.

काका, पत्र आहे ते खरं तर एवढ्याच गोष्टीसाठी. तुमच्या वयाचा, तुमच्या हाताचा कारागीर माझा लेखनिक होऊन उन्हात उभा राहिला. मी आकडा सांगायचा, तुम्ही लिहायचा. एकदा मी चकचकीत पत्र्यावर थर्मामीटर धरला तर आकडा फारच कमी आला. तुम्ही हसला नाहीत. "चमकणारा पत्रा खोटं सांगतो, काळी टेप लावा आन् टेपवर धरा," एवढंच म्हणून पुन्हा पेन्सिल टेकवलीत. रेडिएटरच्या कडा, बॅटरी, इनटेकचा पाइप, इंजिन आणि केबिनमधली भिंत म्हणजे फायरवॉल... पुठ्ठा भरत गेला तसं मला पहिल्यांदा माझ्या गाडीच्या पोटातलं दिसायला लागलं. माझ्या इंजिनात एक्झॉस्टची बाजू मागे, म्हणजे टर्बो फायरवॉलला पाठ लावून बसलेला, आणि इनटेकचा पाइप त्याच्यापासून जेमतेम वीतभर. त्या कोपऱ्यातली वायरिंगवरची काळी नळी तुम्ही दोन बोटांत दाबून दाखवलीत. कडकन तुकडा पडला. मग तुम्ही जे बोललात ते मी तेव्हापासून दहा जणांना ऐकवलं आहे: "ह्ये वारं न्हाई ताई, ऊन हाय. उन्हाला पंखा लावून भागत न्हाई, सावली लागती."

त्या एका वाक्याने मला सगळं उलगडलं. जोरात चालवलेल्या पेट्रोल टर्बोत शिरणारा वायू ९०० अंशांच्याही वर जातो, टर्बाइनचं घर लाल होतं. लाल झालेलं लोखंड समोरच्या वस्तूला नुसत्या प्रारणाने भाजतं, मध्ये हवा असो वा नसो. आणि हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणून शहरात कधी न जाणवणारी गोष्ट ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला अंगावर येते. मोठा इंटरकूलर तिथे काय करणार? त्यातून निघालेली थंड हवा पुढे त्याच भट्टीशेजारून इंजिनात जायची.

तुमच्या टूलबॉक्समध्ये लाल लोकरीचा गुंडा निघाला, तेव्हा मला आधी कळेचना. तुम्ही बोटभर लांबीचे धागे कापलेत आणि बॉनेटवर नाकापासून काचेपर्यंत टेपने चिकटवलेत, उचललेल्या मागच्या कडेवरही. मोबाइल डॅशबोर्डवर बांधून मी लॅप मारल्या. परत येऊन आपण तिघांनी व्हिडिओ पाहिला. पुढचे धागे नीट मागे झोपलेले. आणि वेग वाढला की मागच्या कडेवरचे धागे बाहेर फडफडायच्या ऐवजी सरळ आत ओढले जाताना दिसले! काचेच्या पायथ्याशी हवा अडते, तिथे दाब वाढतो. म्हणजे मी पैसे मोजून करून घेतलेल्या फटीतून गरम हवा बाहेर जातच नव्हती, उलट बाहेरची हवा आत घुसून इंजिनबेमधला दाब वाढवत होती. मग रेडिएटरमधून हवा यायची कुठून? अंडरट्रे नसल्याने खालूनही तेच. गाडीखालून वेगाने जाणारी हवा इंजिनबेमधल्या हवेला जी ओढ लावते, तीच मोडली होती. गरम हवेसाठी बॉनेट कापून जाळी बसवायचीच असेल तर पुढच्या भागात, जिथे दाब कमी असतो तिथे, आणि तीसुद्धा नंतर, हेही तुम्हीच सांगितलंत. दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे बॉनेट कापायला निघाला असता.

बाकीचं काम तुम्ही मुकाट्याने उरकलंत. वायसर निघाले, अंडरट्रे भावाने डिकीतून काढून दिला, रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजल्या, आणि टर्बोसमोर ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवून, कशालाही न टेकता. करीचा ट्रॅक २ किलोमीटरहून थोडाच मोठा, वळणांमागून वळणं, वारा खायला लांब सरळ रस्ता नाही. तरी संध्याकाळच्या सेशनला इनटेक पन्नाशीच्या आत राहिला आणि गाडी शेवटच्या लॅपला पहिल्या लॅपसारखीच सुटली. मी हेल्मेटच्या आत रडत होते, हे तुम्हाला दिसलं नसेल. तुम्ही पिट भिंतीवरून हात फिरवून एक लॅप सावकाश मारायची खूण करत होतात. आत आल्यावर इंजिन लगेच बंद करू दिलं नाहीत, तापलेल्या टर्बोत तेल थांबलं की जळून त्याचा कोळसा होतो म्हणून. ब्रेक तापलेले, म्हणून हँडब्रेकही ओढू दिला नाहीत. चाकाखाली तुमची स्वतःची वीट सरकवलीत.

ज्ञान लपवून धंदा करणारी माणसं मला खूप भेटली. त्यांना वाटतं, गिऱ्हाइकाला कळलं की ते हातचं जाईल. तुम्ही तर मला सगळंच देऊन टाकलंत, आणि आता माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाची गाडी मी सांगलीला तुमच्याकडेच धाडणार आहे. त्या पॅडॉकमध्ये तुमच्यासारखे आणखीही होते. कुणी टायरमधली हवा मोजायला गेज दिला, कुणी पाण्याचा कॅन आणून ठेवला, आणि कुणीही "बाई असून?" असं विचारलं नाही. पण मला वाटतं, सुरुवात तुमच्यापासून झाली. तुम्ही माझ्याशी ज्या तऱ्हेने बोललात, ते आजूबाजूच्यांनी पाहिलं होतं.

आता एक काम. टर्बोला उष्णता अडवणारं ब्लँकेट गुंडाळायचं नाही, आतल्या आत तापून घराला आणि बोल्टांना त्रास होतो, असं तुम्ही बजावलं होतंत. ते पाळलं आहे. पण पत्र्यांच्या खालून जो डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप, जातो, त्याच्या पहिल्या हातभर भागाला उष्णता अडवणारी पट्टी, म्हणजे रॅप, लावला तर चालेल का? स्टिअरिंगचा रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं आवरण, तिथून जवळ आहे आणि तो मला जरा कडक लागतोय. काळी टेप लावून घेतलेले आकडे तुमच्या पुतण्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. तुम्ही सांगेपर्यंत मी त्याला हात लावत नाही.

आपली,
कोल्हापूरची ताई