तीन ओळींची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आतल्या पानावर तळाशी 'आजचे कार्यक्रम' अशी एक चौकट येत असे. अक्षर मुंगीएवढं, फोटोचा तर प्रश्नच नाही. विषय, वक्ता, ठिकाण, वेळ, की तीन ओळींत खेळ खलास. आधी ती रोजची होती, मग आठवड्यातून दोनदा झाली, मग फक्त रविवारी. पुढे तिच्या जागी मोबाईलने स्कॅन करायचा एक काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन आला आणि गेल्या दिवाळीपासून तोही गेला. माझी तक्रार एवढीच. पण तीन ओळींसाठी मी एवढं लांब पत्र का लिहितोय, ते सांगायला 1995 सालात जावं लागेल.

तेव्हा मी भोसरीच्या एका कारखान्यात सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनवर होतो. एका शनिवारी बालगंधर्वला कुठलं नाटक लागलंय ते बघायला पेपर उघडला आणि नजर घसरली ती त्या चौकटीवर. 'खग्रास सूर्यग्रहण. सप्रयोग व्याख्यान. सायं. 6. प्रवेश विनामूल्य.' 24 ऑक्टोबरचं, ऐन दिवाळीतलं ते ग्रहण. पुण्यातून ते खंडग्रासच दिसणार होतं, पण चर्चा गल्लोगल्ली होती. शेवटचा शब्द वाचून मी नाटकाचा बेत रद्द केला, हे कबूल करतो.

सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वर्ग होता. बाकं पाचवीच्या पोरांची, त्यामुळे गुडघे पोटाशी. ग्रहण कशातून बघायचं यावर वाद चालला होता. कुणी म्हणे एक्स-रेची फिल्म, कुणी म्हणे काजळी धरलेली काच. वक्ते म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. ते दोन्हींना नाही म्हणत होते. मी मागून पुटपुटलो, "आमच्याकडे वेल्डिंगची काच असते." सरांनी ऐकलं. "कितव्या नंबरची?" म्हटलं, "दहाची आहे, चौदाचीही आहे." त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मग पुढे या, आणि हे नंबर काय असतात ते सगळ्यांना सांगा."

मी अकरावीनंतर आयटीआय केलेला माणूस. शिक्षा म्हणून नव्हे, तर बोलायला म्हणून फळ्यासमोर उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. सांगितलं, जसा नंबर वाढतो तशी काच गडद होते. गॅस कटिंगला पाच-सहा पुरते, आर्क वेल्डिंगला दहा-अकरा लागते. सर म्हणाले, "आणि सूर्याला चौदा. त्याखाली नाही." पंचेचाळीस-पन्नास माणसांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर हे व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळाचा एखादाच शनिवार चुकला असेल.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर आपण पत्राला जाहिरात समजाल. एक शनिवार विज्ञानाचा, पुढचा कलेचा किंवा इतिहासाचा, असा आमचा रिवाज. वर्गणी वर्षाला दोनशे रुपये. मालमत्ता म्हणाल तर एक प्रोजेक्टर, एक कपाट आणि कपाटाची हरवलेली किल्ली.

पुढच्याच वर्षी मंडळाने दुर्बिणीचा आरसा घासायचं शिबिर घेतलं. हे जरा नीट सांगतो, कारण ग्राइंडिंग हा माझा धंदा, आणि मला वाटायचं की त्यातलं मला सगळं कळतं. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक रिकाम्या ड्रमवर पक्की बसवायची, तिच्यावर 80 नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी घालायचं आणि दुसरी काच वरून हाताने मागेपुढे घासायची. घासता घासता काच हातात थोडी फिरवायची आणि आपण ड्रमभोवती एकेक पाऊल सरकायचं. बस. मशीन नाही, जिग नाही, फिक्स्चर नाही. वरच्या काचेचा मधला भाग आणि खालचीची कड जास्त झिजते, म्हणून वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. कुठेही सरकवल्या, कशाही फिरवल्या तरी एकमेकींना चिकटून राहतील अशा दोन वक्र पृष्ठभागांना एकच आकार शक्य असतो, तो म्हणजे गोलाचा तुकडा. तो आपोआप येतो. आम्हाला 48 इंचांचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, हवं होतं, त्याला मध्यभागी खोली लागते जेमतेम 1.2 मिलिमीटर. मग 120, 220, 400, 600 अशा बारीक होत जाणाऱ्या पावडरी. प्रत्येक वेळी काच, ड्रम, हात, नखं, सगळं धुवायचं. जाड पावडरीचा एक कण मागे राहिला की ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे पुन्हा मागल्या नंबरवर.

शेवटी पिचवर, म्हणजे डांबरासारख्या थरावर, सिरियम ऑक्साइडने पॉलिश आणि मग आरशाचा आकार तपासायची फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाची परीक्षा. 1858 सालची ही युक्ती. लागतं काय, तर एक दिवा, त्यापुढे बारीक छिद्र आणि दाढीचं ब्लेड. आरशापासून आठ फुटांवर बसून ब्लेड हळूच आरशावरून परत आलेल्या प्रकाशात सरकवायचं. आरशावर जिथे उंचवटा असेल तिथे सावली पडल्यासारखी दिसते. सरांनी मला आरशावर अंगठा टेकवायला लावला, दहा सेकंद, आणि लगेच ब्लेडमागून बघायला सांगितलं. अंगठ्याच्या जागी चांगलं टेंगूळ उभं होतं! माझ्या हाताच्या उबेने काच फुगली होती. मिनिटा-दोन मिनिटांत ते टेंगूळ विरघळत गेलं. आमच्या कारखान्यात पाच मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) माप धरलं तर सुपरवायझर पाठ थोपटायचा. इथे गोलाचा पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा वक्र, करताना शेवटी जो फरक पाडायचा असतो, तो केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाएवढा असतो, आणि तो बोटांनी पाडायचा. त्या रात्री घरी आलो आणि जेवताना नुसता हाताच्या बोटांकडे बघत बसलो होतो, असं सौ. अजून सांगते.

सौ.ही त्याच चौकटीची देणगी घेऊन बसलेली आहे. तिने चौकटीत मोडी लिपीच्या वर्गाबद्दल वाचलं आणि गेली. तिच्या आजोबांचं एक गहाणखत ट्रंकेत पडून होतं, घरात कुणालाच वाचता येईना. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. हात उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. तिला तीन महिने लागले. गहाण ठेवलेलं शेत नव्हतं, दोन बैल आणि विहिरीतला चौथा हिस्सा होता. माहेरी यावरून जे बोलणं झालं ते या पत्राचा विषय नाही.

आता यंदाची गोष्ट. विज्ञानदिन 28 फेब्रुवारीला असतो तो 1928 सालच्या रामन परिणामासाठी. पण त्याच रामन यांनी त्याआधी, 1920 मध्ये, आपल्या तबला-मृदंगावर काम केलेलं आहे, हे मंडळात कुणाच्या तरी डोक्यात आलं. म्हणून त्या आठवड्यात तबल्याची पुडी, म्हणजे वर ताणलेलं चामडं, बनवणारे एक कारागीर आणि भौतिकशास्त्राच्या एक प्राध्यापिका असा जोड कार्यक्रम ठेवला. कारागिरांनी तीन पुड्या आणल्या होत्या. एक कोरी, एक अर्धी शाई (मधला काळा गोल) लावलेली, एक पुरी. कोरीवर थाप मारली तर नुसता 'ढब'. बाईंनी फळ्यावर लिहिलं की नुसत्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 1.59 पट, 2.14 पट असे वेडेवाकडे पडतात, म्हणून कानाला सूर लागत नाही. मधोमध शाईचं वजन आलं की तेच दुप्पट, तिप्पट असे रांगेत येऊन बसतात. मग कारागिरांनी अर्ध्या पुडीवर लोखंडाची पूड आणि भाताच्या खळीचा एक हात दिला आणि काळ्या दगडाने घोटायला बसले. घोटता घोटता शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या पडल्याच पाहिजेत, नाहीतर शाई कडक होऊन चामडं अडकतं आणि बोलत नाही. "भेग पडली म्हणजे बिघडली असं गिऱ्हाइकाला वाटतं," ते म्हणाले, "आम्ही तर भेगेसाठीच घोटतो." मला काचेवरची ती 600 नंबरची पावडर आठवली.

ते बघायला सतरा माणसं होती. वक्ते धरून.

आपल्या कार्यालयात चौकशीला गेलो होतो. खिडकीतल्या तरुणाने चहा विचारला, वागायला अगदी चांगला. म्हणाला, "काका, छोटी जाहिरात द्या ना." दर ऐकला. एका शनिवारच्या तीन ओळींना आमच्या पाच सभासदांची वर्षाची वर्गणी जाते. "मग व्हॉट्सॲपवर टाका," तो म्हणाला. टाकतोच. ग्रुपवर एकशे चाळीस जण आहेत आणि त्यातले बहुतेक मला बारशापासून ओळखतात. ग्रुपवर निरोप जातो तो आधीच आलेल्यांना. नाटकाची वेळ शोधणारा भोसरीचा ग्राइंडर त्यात नसतो, आणि स्कॅन करायच्या चौकोनातही नसतो, कारण चौकोन स्कॅन करायला आत काय आहे ते आधी हवं असावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी, चौकट रविवारी का होईना येत होती तेव्हा, एक आजोबा दारात उभे राहिले. खिशातून ब्लेडने कापलेलं कात्रण काढलं, वर्गाच्या पाटीशी ताडून पाहिलं आणि विचारलं, "हेच का ते?" आत येऊन बसले. आता ते आमचे खजिनदार आहेत.

आमचा दोष नाही असं नाही. आमचे सचिव कार्यक्रमाची माहिती पाठवतात ती पान भरून. त्यात वक्त्यांच्या पदव्या आठ ओळी, विषय नवव्या ओळीत. तीही शुक्रवारी संध्याकाळी. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो आणि आभारप्रदर्शनात चौकीदाराच्या भाच्यापर्यंत सगळे येतात. आपल्या उपसंपादकांनी वैतागून हात टेकले असतील तर त्यांना मी दोष देणार नाही.

मोठ्यांची मला चिंता नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते आणि आपण तिची सविस्तर बातमी देता, उत्तम करता. ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आकाश दाखवते आहे. नारळीकर सरांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात. त्यांची नावं लोकांना पाठ आहेत. पण भरत नाट्य मंदिराजवळचं भारत इतिहास संशोधक मंडळ 7 जुलै 1910 ला राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी काढलं, तेव्हा त्याचं नाव तरी कोणाला पाठ होतं? या शहरात आजही शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी दहा-वीस माणसं जमत असतात. पुण्यात जमायला लोक तयारच असतात. कुठे जमायचं एवढंच कळावं लागतं.

तेव्हा चौकट पुन्हा सुरू करावी, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, ही विनंती. आमच्या मंडळापुरती जबाबदारी मी घेतो. सचिवांचं पान माझ्याकडे येईल, मी ते घासून बारीक करीन आणि दर बुधवारी त्या खिडकीत आणून देईन. तीन ओळी. चौथी सापडली तर आपण खुशाल कापा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त ग्राइंडर), धायरी, पुणे