तुझा रिपोर्ट हिरवा, तरी क्लायंट नाराज

प्रिय सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार वैतागली होतीस. "आई, महिनाभराची अपटाइम ९९.९ टक्क्यांच्या वर, एकही तक्रारीचं तिकीट मुदतीबाहेर नाही, तरी क्लायंट म्हणतो आम्हाला तुमचा काही उपयोग नाही!" तेव्हा तुझं ऐकून घेणंच जास्त गरजेचं होतं. आता सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी नोकरी सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे ग्राहकाला दिलेली आयटी सेवा नीट चालवण्याच्या कामात गेली आणि त्यातला हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत आलाय.

आधी ते ९९.९ बघ. अपटाइम म्हणजे सिस्टीम चालू राहिलेला वेळ. ३० दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. एसएलएच्या, म्हणजे सेवा किती चांगली द्यायची याच्या क्लायंटशी झालेल्या कराराच्या हिशेबात ही सगळी मिनिटं सारखीच. रविवारी पहाटे तीनला पगाराची सिस्टीम ४० मिनिटं बंद राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तुम्ही क्लायंटसाठी सांभाळता ती सिस्टीम बंद पडली पगाराच्या दिवशी संध्याकाळी, बँकेला फाईल पाठवायची वेळ संपत आलेली असताना. फाईल दुसऱ्या दिवशी गेली असं तूच म्हणालीस. म्हणजे क्लायंटच्या कारखान्यातल्या माणसांचा पगार एक दिवस उशिरा झाला. त्यांच्यापैकी कुणाच्या घराचा हप्ता नेमका त्या दिवशी कापला जाणार असेल, तर खात्यात पैसे नाहीत म्हणून दंड त्याला बसला. तुमच्या रिपोर्टमध्ये यासाठी रकानाच नाही. वरून हिरवा, आतून लाल अशा रिपोर्टला आमच्या क्षेत्रात कलिंगड म्हणतात.

तू आयटिलची, म्हणजे आयटी सेवा कशा चालवाव्यात याच्या मार्गदर्शक चौकटीची परीक्षा देणार आहेस. २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत व्हॅल्यूचे, म्हणजे सेवेतून ग्राहकाला होणाऱ्या फायद्याचे दोन भाग सांगितले होते. सेवा हवं ते काम करते का, ही युटिलिटी. ते काम हव्या त्या वेळी, पुरेशा क्षमतेने, सुरक्षितपणे आणि मोठं संकट आलं तरी होत राहील का, ही वॉरंटी. एक असून दुसरी नसेल तर ग्राहकाच्या पदरात काही पडत नाही. २०१९ मध्ये आयटिल ४ आलं आणि त्यात म्हटलं की व्हॅल्यू सेवा देणारा आणि घेणारा मिळून घडवतात. पुष्कळ जणांना हे नुसतं गोड बोलणं वाटतं. मला मुळीच वाटत नाही. पगाराची फाईल कधी जाते हे क्लायंटच्या पगार विभागाने सांगायला हवं होतं आणि तुम्ही विचारायला हवं होतं. दोन्हीही झालं नाही, म्हणून सिस्टीम बंद पाडणारा तो पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, नेमका त्याच संध्याकाळी लावला गेला.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण तू जरूर वाच. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने ग्राहकांचा डेटा नव्या प्लॅटफॉर्मवर हलवला. डेटा व्यवस्थित हलला, हे नियामकांनीही नोंदवलंय. पण प्लॅटफॉर्म लगेच बिघडू लागला आणि मोबाईल, इंटरनेट, शाखा, सगळीकडे लोकांचे व्यवहार अडले. घडी नीट बसायला डिसेंबर उजाडला. बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड केला. ‘डेटा मायग्रेशन पूर्ण’ हे आऊटपुट हातात होतं. आपल्या खात्यातले पैसे वापरता येणं हे ग्राहकाला हवं असलेलं आऊटकम मात्र नव्हतं.

एसएलए निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. तो नसता तर बोलायला काही आधारच उरला नसता. पण क्लायंटने तुम्हाला काम दिलं ते सर्व्हर सांभाळायचा खर्च आणि जोखीम आपल्या डोक्यावर नको म्हणून. त्या संध्याकाळी त्यांच्या पगार विभागाला ताटकळत बसावं लागलं, कामगारांचे फोन घ्यावे लागले. म्हणजे जी जोखीम उतरायची, ती वेगळ्या वाटेने त्यांच्याकडेच परत आली. नाराजी तिथली आहे, आणि ती रास्त आहे.

पुढच्या रिव्ह्यूला डॅशबोर्ड उघडण्याआधी पगार विभागातल्या माणसाला बोलवायला सांग. त्याच्याकडून तारखा घे: पगाराचा दिवस, बँकेची शेवटची वेळ, टीडीएस भरायची ७ तारीख, पीएफची १५ तारीख. त्या दिवसांना चेंज फ्रीझ लावून घे, म्हणजे तेव्हा सिस्टीममध्ये कुणी काही बदल करायचा नाही. आणि रिपोर्टची पहिली ओळ अपटाइमची नको, ‘पगार वेळेवर झाला का’ ही असू दे. मॅनेजर म्हणतील करारात हे नाही. नसू दे, एक ओळ जास्त लिहायला करार आडवा येत नाही.

तारखांचा तक्ता तयार झाला की मला पाठव, मी नजर घालते. क्लायंटचं नाव मात्र आधी काढून टाक.

तुझी,
आई