ओकायामातल्या त्या पहाटेच्या अंघोळीबद्दल

प्रिय ओकासान आणि ओतोसान,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, म्हणून जपानी तर्जुमा वेगळ्या पाकिटातून येतोय. त्यात क्रियापदांच्या चुका नेहमीसारख्या असतीलच. पण ‘आरिगातो गोझाइमास’, म्हणजे धन्यवाद, मी तुमच्या गावात इतक्यांदा म्हटलं, दुकानात, ट्राममधून उतरताना, पोस्टात, की तुमच्यासाठी त्यात काही शिल्लकच राहिलं नाही. आणि तुम्ही जे केलंत ते इथल्या चार लोकांनाही कळावं, म्हणून हे उघडं पत्र.

त्या चार लोकांसाठी थोडक्यात सांगते. मी पुण्याची. 2023च्या सप्टेंबरअखेरीला जपानात ओकायामाला शिकायला गेले आणि पहिले सहा महिने या दोघांच्या घरी राहिले. ओकासान म्हणजे आई, ओतोसान म्हणजे बाबा. होस्ट फॅमिलीत अशीच हाक मारतात. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय, ती कोराकुएन याच गावात, आसाही नदीकाठी आहे. ती 1700 साली पुरी झाली. पहिल्याच रविवारी ओतोसान मला मोठ्या अभिमानानं तिथं घेऊन गेले आणि मी पुणेरी तोंडानं म्हणाले, ‘ही आमच्याकडेपण आहे.’ ओतोसान, तुम्ही त्यावर नुसतं ‘सो देस का’, म्हणजे ‘असं का’, म्हणालात. अहो, मला तेव्हा वाटलं की तुम्हाला कौतुक वाटलं.

तर दिवाळी. ऑक्टोबरात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून ओकासाननी विचारलं, तुमचा दिव्यांचा सण कधी? मी सांगितलं, 12 नोव्हेंबर, रविवार. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. तुम्ही पेन घेऊन 12च्या चौकटीत ‘दिवाळी’ लिहिलंत. त्या चौकटीत पेन्सिलीनं आधीच काहीतरी होतं: सात, पाच, तीन. कांजी लिपीतले आकडे मला तोवर वाचता यायला लागले होते, त्याचाच आनंद. काहीतरी फोन नंबरबिंबर असेल असं समजून मी पुढे गेले.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो पुढे महिनाभर रोज विचारत राहिलात: ‘घरी आई काय करते?’

हा प्रश्न मला नवा होता. त्याच सुमारास एका कार्यक्रमात मला दिवाळीवर बोलायला तीन मिनिटं मिळाली होती. मी पणत्यांचे फोटो दाखवले, अंधारावर प्रकाशाचा विजय वगैरे सांगितलं, टाळ्या झाल्या आणि पुढच्या देशाचा नंबर आला. तिथं दिवाळीचा अर्थ सगळ्यांनी विचारला. आई काय करते हे कुणी विचारलं नाही.

आई चकल्या करते, असं मी सांगितलं. भाजणी आणि सोऱ्या बॅगेतून आणलाच होता. तुम्ही वही उघडलीत आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलात. मी कधीच एकटीनं चकल्या केल्या नव्हत्या, हे तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही. चार वाट्या भाजणी, तेवढंच पाणी, तीळ, ओवा, तिखट, मीठ. मोहन अंदाजानं. अंदाज अर्थातच चुकला. पहिली चकली तेलात गेली, दोन क्षण चकली राहिली आणि मग गोल गोल विरून तळाला रवाळ गाळ झाला. दुसरीचं तेच. तुमच्या टेंपुराच्या कढईला कडेला तापमापक असतो. तुम्ही तो बघून विचारलंत, ‘चकलीला किती डिग्री?’ मी म्हटलं, आई पिठाची गोळी टाकून बघते. तुम्ही लगेच चॉपस्टिकची टोकं तेलात बुडवलीत, बुडबुडे पाहिलेत आणि मान डोलावलीत: तेल बरोबर आहे, पीठ चुकलंय. मग चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघून फडताळातून जोशिन्को काढलंत, दांगो करायची तांदळाची पिठी. दोन मुठी घातल्या, मळलं आणि चकली उभी राहिली. काटासुद्धा आला. जिनं आयुष्यात चकली खाल्ली नाही तिनं ती दुरुस्त केली, हे मी आईला अजून नीटसं सांगितलेलं नाही.

ओतोसान तेव्हा पडवीत बांबू सोलत होते. कंदील घरीच होतो असं मी म्हटलं होतं, तेवढ्यावरून. डिसेंबरातल्या साफसफाईत शोजीच्या, म्हणजे कागदी सरकत्या दारांना नवा कागद लावायचा म्हणून आणलेल्या गुंडाळीतला एक तुकडा तुम्ही कापून घेतलात. कामट्या इतक्या सारख्या की आमच्या बाबांनी पाहिल्या असत्या तर त्यांनी पुन्हा कंदील केलाच नसता. चिकटवताना विचारलंत, हा कुणाला वाट दाखवायला? तुमच्याकडे ओबोनला पूर्वजांसाठी दिवे लावतात. मी म्हटलं, लक्ष्मीला. तुम्ही थोडा विचार केलात आणि कंदील फाटकाजवळ, गल्लीतून दिसेल असा टांगलात. म्हणालात, ती पहिल्यांदाच येतेय ना इकडे.

आता अंघोळ. आभार मुख्यतः तिचेच आहेत.

जपानी घरात अंघोळ रात्री. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणानं लख्ख व्हायचं, मग टबातल्या कढत पाण्यात शिरायचं. आणि तेच पाणी सगळ्या घराला. त्यामुळे पाण्यात केसाचा, फेसाचा अंशही जाता कामा नये, हे मी पहिल्या दिवशी शिकले होते. अशा घरात पहाटे पाच वाजता, अंगभर तेल चोपडून, उटणं लावून अंघोळ करते असं कसं सांगायचं? मी सांगणारच नव्हते. तुम्ही विचारलंत, ‘त्या दिवशी सगळ्यात आधी आई काय करते?’ आणि मला खोटं बोलता आलं नाही.

पहाटे पावणेपाचला उठले तर तुम्ही स्वयंपाकघरात. खोबरेल तेल थंडीनं बाटलीत पांढरं गोठलं होतं. साके गरम करायची ती निमुळत्या गळ्याची सुरई, तोक्कुरी, तिच्यात तुम्ही चमच्यानं कोरून ते तेल घातलंत आणि सुरई गरम पाण्यात उभी केलीत. तेल वितळून कडेनं पारदर्शक होत गेलं आणि मधे एक पांढरा खडा थोडा वेळ तरंगत राहिला. तो विरघळेपर्यंत आपण दोघी काहीही न बोलता बघत होतो. मग मला पाटासारखी उशी दिलीत आणि डोक्यावर तेल थापलंत.

पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड. आई गजर लावून उठली होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. दुसरीच बाई आपल्या मुलीला तेल लावतेय हे बघताना तिला काय वाटत होतं मला माहीत नाही. बराच वेळ ती गप्पच होती. मग म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, मानेला लावा. मान सगळे विसरतात.’ मी भाषांतर केलं. तुम्ही फोनकडे बघून वाकून नमस्कार केलात आणि मानेला तेल लावलंत.

कारीट फोडायचं असतं, डाव्या पायाच्या अंगठ्यानं, नरकासुर म्हणून. हे मी आदल्या दिवशी सहज बोलले होते. ओतोसान, तुम्ही देवळाच्या आवारातून गिंकोचं पडलेलं फळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलंत. ज्यांनी पिकलं गिंको हुंगलेलं नाही त्यांना सांगते: नासलेलं लोणी बरं. त्याच्या गरानं कातडीला पुरळ उठतं म्हणून तुम्ही मला बागेतली जुनी चप्पल घालायला लावलीत. मी फोडलं. असा अस्सल वासाचा नरकासुर महाराष्ट्रात कुणी मारला नसेल. ती चप्पल मी निघेपर्यंत बाहेरच होती.

मग न्हाणीघर. मोती साबण, उटणं, सगळं स्टुलावर बसूनच. टबात शिरणार नाही असं मी ठरवलं होतं. बाहेरून तुमचा आवाज आला, ‘शीर, शीर. तोजीला आम्हीपण पाण्यात युझु टाकतो.’ तोजी म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, डिसेंबरातला. तेव्हा ती आंबट फळं टबात तरंगत असतात हे मी पुढे पाहिलं. त्या पहाटे एवढंच कळलं की पाण्याला वास लागला तरी चालणार आहे. मी शिरले. नंतर तुम्ही दोघांनी त्याच पाण्यात अंघोळ केलीत. ओतोसान बाहेर आले तेव्हा त्यांना उटण्याचा वास येत होता.

बाहेर तुम्ही तबक घेऊन उभ्या होतात. ओवाळताना ते उलटं फिरलं. मी गप्प बसले.

आणि साडेसातला फाटक वाजलं आणि तुमची नात आली, सात वर्षांची, लाल किमोनोत, केसांत फुलं, आणि पाठोपाठ तिचे आईबाबा कोट-टायमध्ये. सात, पाच, तीन. शिचि-गो-सान. मुलं त्या त्या वयाची झाली की त्यांना देवळात नेतात, 15 नोव्हेंबरला किंवा जवळच्या रविवारी. मुलींचं सातवं वर्ष मोठं. त्यानंतर तो सोहळा पुन्हा नाही. कॅलेंडरवर पेन्सिलीनं तेच होतं. रात्रीचं जेवण सुनेच्या माहेरच्यांबरोबर ठरलेलं होतं, ते माझ्या लक्ष्मीपूजनासाठी दुपारी आणलं होतं, हेसुद्धा सुनेकडून कळलं, तेही देवळाच्या वाटेवर. मी ‘सांगायचंत ना’ म्हणाले तर तुम्ही म्हणालात, ‘सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.’ हो, म्हणाले असते.

मला वाटलं होतं मी घरी थांबेन. तुम्ही मलाही गाडीत बसवलंत. किबित्सु देवळातला तो लांबलचक, छत असलेला लाकडी मार्ग, टेकडीच्या उतारासोबत उतरत जाणारा, त्यावरून नात खडावांची टकटक करत चालत होती. तिच्या हातात चितोसे-आमेची पिशवी होती: हजार वर्षांची गोळी, लांब काडीसारखी. एका इमारतीपाशी ओतोसान थांबले आणि म्हणाले, इथं चुलीखाली उरा राक्षसाचं मुंडकं पुरलंय. राजपुत्र किबित्सुहिकोनं ते छाटलं, तरी ते वर्षानुवर्षं ओरडत राहिलं. शेवटी राक्षस राजपुत्राच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला इथं रांधू दे, मग मी कढईच्या आवाजातून लोकांना शकुन सांगेन. ओतोसान, मला तेव्हा तुमच्याइतकं जपानी येत असतं तर सांगितलं असतं, की मी पहाटे ज्याला चपलेनं फोडून आले त्यानंही मरताना असंच मागणं मागितलं होतं. त्याच्याच मागण्यामुळे आमची अंघोळ आहे. ते राहून गेलं. म्हणून आत्ता सांगतेय.

संध्याकाळच्या पूजेबद्दल फार लिहीत नाही. तिचे फोटो तुमच्याकडे आहेतच. लक्ष्मीची तसबीर माझ्याकडे नव्हती, तर ओकासाननी नाराच्या याकुशी-जी देवळातल्या किचिजोतेनच्या जुन्या चित्राचं पोस्टकार्ड मांडलं. किचिजोतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेली आपली लक्ष्मीच. गाल गुबगुबीत, हातात रत्न. बत्ताशांच्या जागी कोम्पेइतो, साखरेच्या रंगीत गोळ्या. केरसुणी म्हणून घरातला झाडू ठेवायचा म्हटल्यावर मला वाटलं आता हसाल, पण तुम्ही म्हणालात, झाडूत आमच्याकडेही देव असतो. आणि ओतोसाननी पाच येनची पितळी नाणी पुढे सरकवली, मधे भोक असलेली. पाच येन म्हणजे ‘गोएन’, आणि ‘गोएन’चाच दुसरा अर्थ तुम्ही शब्दकोशात शोधून दाखवलात. इंग्रजीत तिथं तीन-चार शब्द होते, एकही धड नाही. मी त्याखाली देवनागरीत ‘ऋणानुबंध’ लिहिलं. नातीनं ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. ‘ऋ’ तिला चित्रासारखा वाटला.

कंदील मी घडी करून पुण्याला आणला. यंदा गॅलरीत टांगताना एका बाजूला फाटला. नवा कागद लावायचा विचार होता, पण तुमच्या शोजीला नातीनं बोट घातलं होतं तिथं तुम्ही साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलाच्या आकाराचं ठिगळ लावलेलं आठवलं. तसंच कापून लावलंय. दिवा लागला की तेवढं फूल थोडं गडद दिसतं.

आणि ओकासान, एक महत्त्वाचं. तुमच्या त्या वहीत चकलीचं मोहन एक वाटी असं मी लिहिलंय. ते खोडा. चार वाट्या भाजणीला पाव वाटी.

तुमची,
पुण्याची मुलगी