ऊर्जामंत्री साहेब, 16 टक्क्यांचं काय ते सांगा

मा. ऊर्जामंत्री साहेब,
स. न.

मी पुण्यात धायरीत राहतो, वन बीएचके, घरात आई, बायको, मुलगी आणि एक जुना कूलर. मे महिन्यात 214 युनिट झाले न बिल आलं 2300 च्या आसपास. आईने चष्मा लावून सगळं बिल वाचलं न विचारलं, "वीज वापरली ती वर लिहिलीये, मग खाली हे तीनशे रुपये कसले?"

ते वीज शुल्क. 16 टक्के. आणि ते नुसत्या युनिटवर नाही हो, स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधन महागलं की लावतात ते) या सगळ्यांची बेरीज करून त्यावर लावतात. म्हणजे कोळसा महागला तर समायोजन वाढणार, आणि त्यावर तुमचे 16 टक्के पण वाढणार.

मार्च 2025 मध्ये वीज नियामक आयोगाने विजेचे दर कमी केले, लगेच स्थगिती आली, मग जूनमध्ये नवीन आदेश, 1 जुलैपासून लागू. पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के स्वस्त होणार असं तेव्हा सांगितलं गेलं. ठीक आहे, होईल तेव्हा होईल. पण दर ठरवणं आयोगाचं काम, हे तुम्हीच सांगता, मग शुल्क तर राज्य सरकारचं आहे ना? त्याला ना आयोग लागतो ना सुनावणी.

स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत, हेही वाचलं. छान आहे, पण आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी सहा ते आठ, टाकी दुपारपर्यंत खडखडाट, त्यामुळे कपड्यांचं मशीन सातलाच लावावं लागतं, आणि दिवसा आम्ही दोघं हिंजवडीत, म्हणजे आमच्या वाट्याच्या विजेवर एसी कंपनीचा चालतो. सवलत घेणार कोण, आई? ती तर दुपारी पंखापण बंद करून बसते, युनिट वाढतील म्हणून.

छतावरच्या सोलरची केंद्राची योजना, सूर्यघर, तिचं विचाराल तर 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे, मान्य, पण ते स्वतःचं छत असणाऱ्याला. आमच्या गच्चीवर 32 फ्लॅटच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि चेअरमनच्या कुंड्या, पॅनल ठेवायचं कुठे?

म्हणून एवढंच करा, 300 युनिटच्या आतल्या घरांचं शुल्क 16 वरून निम्मं करा. पुढच्या उन्हाळ्याच्या आत झालं तर बरं, कूलरची मोटर तशीही गेलीये, नवीन घ्यायचा की नाही ते त्यावरच ठरेल.

आपला,
धायरीचा एक ग्राहक