प्रॉपर्टी करणाऱ्याचेही नाव छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील नाटकांच्या जाहिरातींचे पान मी गेली अनेक वर्षे नेमाने वाचते. लेखक, दिग्दर्शक आणि कलावंत यांच्यापाठोपाठ तेथे नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा करणाऱ्यांची आणि सूत्रधाराची नावे, बारीक अक्षरांत का होईना, पण छापलेली असतात. प्रयोगभर कलावंतांच्या हातांत जे जे येते, म्हणजे पत्रे, पेले, कंदील, तलवारी, पानाचे तबक, हिशेबाच्या चोपड्या, ते ज्याने जमवले किंवा घडवले त्याचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच सापडते. जाहिरात निर्मात्याच्या पैशाने छापली जाते, तेव्हा तिच्याबद्दल आपल्याकडे तक्रार करणे योग्य नव्हे. परंतु परीक्षण आपले असते, आणि तेथेही ‘नेपथ्याने काळ नेमका उभा केला’ एवढ्या एका वाक्यात हे सारे काम दुसऱ्याच्या खाती जमा होते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

मी मिरजेतील एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. नोकरीत असताना आणि नंतरही आमच्या हौशी नाट्यसंस्थेची ‘प्रॉपर्टी’, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या या वस्तू, मीच सांभाळत आले आहे. रंगमंचामागे यासाठी दुसरा शब्द चालत नाही. (माझ्याकडे तीन ट्रंका भरून प्रॉपर्टी आहे, हे ऐकून आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला होता.) भरतमुनींनी ‘नाट्योपकरण’ असा सुरेख शब्द वापरला आहे, पण ब्लॅकआउटमध्ये कुणी ‘ते नाट्योपकरण आणा’ म्हणेल अशी आशा मी बाळगत नाही. शब्दापेक्षा त्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे, म्हणजे बाह्य साधनांनी होणाऱ्या अभिनयाचे, पुस्त, अलंकार, अंगरचना (रंगभूषा) आणि सज्जीव (रंगमंचावर आणायचे प्राणी) असे चार भाग सांगितले असून, त्यांतला पहिलाच भाग घडवलेल्या वस्तूंचा आहे. या वस्तू जड असू नयेत, कारण त्यांच्या ओझ्याने नट दमतो, म्हणून त्या लाख, मेण, अभ्रक, बांबू, कापड अशा हलक्या द्रव्यांच्या कराव्यात, आणि रंगमंचावर शस्त्राचा खरा प्रहार करू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या कामाची गणना अभिनयात झाली, त्याची गणना आज आपण बाजारहाटात करतो. ‘वस्तू काय, भाड्याने मिळतात’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा रागही येत नाही.

भाड्याने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचे एक उदाहरण देते. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सिंधू दळण दळते. आमच्या संस्थेने त्यातील काही प्रवेश करायला घेतले तेव्हा दिग्दर्शकांनी मला फक्त ‘एक जाते लागेल’ असे सांगितले. खरे दगडी जाते मिरजेत सहज मिळाले असते, पण ते उचलायला दोन माणसे लागतात आणि प्रवेशबदलाचा अंधार काही सेकंदांचाच असतो. म्हणून प्लायवूडच्या गोल चकत्यांवर कागदाचा लगदा थापून, वरून टाकीचे घाव रंगवून मी एक हलके जाते तयार केले. लांबून ते हुबेहूब दिसत होते. तालमीत मात्र ते पूर्णपणे फसले. वरचा दगड इतका हलका होता की सिंधूचा हात पंख्यासारखा गरगर फिरू लागला. तिच्या खांद्यावर भार नव्हता, पाठीत वाक नव्हता, आणि दळता दळता म्हणायच्या पदातला श्वासही त्यामुळे खोटा वाटत होता. मग दोन चकत्यांच्या मध्ये जाड गोणपाटाची चकती बसवली, वरच्या भागात वाळूची पुरचुंडी दडवली, खुंटा लोखंडी पट्टीने आतून आवळला आणि घरघर ऐकू यावी म्हणून थोडी खडी सोडली. आता जाते एका माणसाला उचलता येत होते, पण फिरवायला जोर लागत होता. कडेने पीठ पडावे यासाठी खालच्या कडेला एक अरुंद खाच ठेवून प्रवेशाआधी तीत पीठ भरून ठेवावे लागे. त्या अभिनेत्रीने नंतर मला सांगितले की सिंधू तिला त्या दिवशी सापडली. अभिनयाचे श्रेय तिचेच आहे, त्यावर माझा काही हक्क नाही. पण नटाच्या हाताला किती वजन द्यायचे हे ठरवणे म्हणजे बाजारहाट नव्हे, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

त्याच नाटकातला पेलाही पाहा. ज्या वस्तूवरून नाटकाचे नाव पडले, ती शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे, हातात धरल्यावर मूठ तिला पूर्ण झाकता कामा नये, आणि त्यातले पेय दिव्यांच्या उजेडात पाण्यासारखे फिके दिसू नये. आम्ही कोरा चहा वापरतो. तो फार उकळला की काळा पडतो आणि दारूऐवजी काढा वाटतो.

काही वेळा नाटककारच वस्तूला पात्राचा दर्जा देतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या शेवटी सामंत बेणारेबाईंजवळ जो हिरवा कापडी पोपट ठेवतो, तो दुकानातल्या नव्याकोऱ्या खेळण्यासारखा चकचकीत असला तर प्रेक्षकाला तो केवळ खेळणे वाटेल, आणि फार मळका असला तर लहान मुलासाठी आणलेला वाटणार नाही. शिवाय प्रकाश मंद झाल्यावर त्याचा हिरवा रंग काळपट पडतो, म्हणून कापड निवडताना प्रकाशयोजनाकाराला शेजारी उभे करावे लागते. एका पोपटासाठी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

काळाचे भान हा या कामाचा दुसरा मोठा भाग आहे, आणि तेथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. १९५०च्या दशकात घडणाऱ्या एका नाटकात मी नायिकेच्या हाती अंतर्देशीय पत्र दिले होते. मध्यंतरात एक वृद्ध गृहस्थ विंगेत आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘बाई, त्या पत्रावर पिनकोडचे चौकोन आहेत.’ पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि ते गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते. तेव्हापासून माझ्या वहीत तारखांची एक यादीच आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणजे त्याआधीच्या पात्राने आणे मोजले पाहिजेत. शिवकालीन दरबारात वाचला जाणारा खलिता मोडीत लिहिलेला हवा, छापील देवनागरीत नव्हे. पेशवाईतल्या स्वयंपाकघरात स्टीलची भांडी असू शकत नाहीत, तांब्यापितळेची, कल्हई केलेलीच हवीत. ऋषींच्या आश्रमासाठी पूर्वी कुणाच्या तरी वाड्यातून खरे व्याघ्रचर्म मागून आणत, आता वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते फ्लॅनेलवर रंगवावे लागते, आणि खरे सांगायचे तर रंगवलेलेच अधिक चांगले दिसते. तार ही तर जुन्या नाटकांची हक्काची कलाटणी असे, पण तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि तारेचा कागद कसा असतो हे आमच्या नव्या मुलांना दाखवण्यासाठी मला एक जुनी तार जपून ठेवावी लागली आहे.

मिरजेत राहण्याचा एक फायदा मात्र सांगितला पाहिजे. संगीत नाटकाच्या प्रवेशात भिंतीशी टेकवून ठेवायला तंबोरा लागतो, आणि येथील तंतुवाद्य कारागिरांकडे तडा गेल्यामुळे बाजूला काढलेला भोपळा मागितला तर ते हसत हसत देतात. त्याला दांडी जोडून केलेला आमचा मुका तंबोरा कित्येक प्रयोगांत बसला आहे.

चित्रपट आणि मालिकांत या कामाची रीत वेगळी असते. रंगमंचावरच्या पत्रात काही लिहिलेले नसले तरी चालते (मी तरी नटाच्या सोयीसाठी संवाद लिहून ठेवते), पण कॅमेरा जवळ आला की अक्षराचे वळण, शाईचा रंग, घडीची जीर्ण रेघ हे सारे दिसते, आणि पत्र फाडायचे असेल तर प्रत्येक रीटेकसाठी त्याची हुबेहूब नवी प्रत हाताशी लागते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२० साली काढलेल्या ‘सैरंध्री’मधला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की ते दृश्य कापावे लागले. हत्यार आणि मृत्यू खोटे असूनही खरे वाटायला लावणाऱ्या या कलेची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तिची दुसरी बाजू ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील चित्रीकरणात दिसली. नाटकी समजून हाताळलेल्या बंदुकीत खरी गोळी निघाली, छायालेखिकेचा जीव गेला, आणि शस्त्रे सांभाळणाऱ्या व्यक्तीला पुढे शिक्षा झाली. अपघात घडल्यावर प्रॉपर्टी कोणाकडे होती हे साऱ्या जगाला कळते. प्रयोग रंगला तेव्हाही ते कळावे, असे मला वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वस्तू हा नेपथ्याचाच भाग आहे, नेपथ्यकार त्यांची योजना करतो, मग वेगळे नाव कशाला, असे काही मित्र विचारतात. जेथे नेपथ्यकार स्वतः प्रत्येक पेला निवडतो तेथे हे खरेच आहे, आणि त्याचे श्रेय काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. पण बहुतेक ठिकाणी नेपथ्यकाराचे काम भिंती, दारे, पायऱ्या आणि लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे) यांपाशी थांबते, आणि ‘हातातले तुम्ही बघा’ म्हणून उरलेली यादी दुसऱ्याच कुणाकडे येते. साठी ओलांडलेल्या आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांना पारितोषिके दिली जातात, तेव्हा प्रॉपर्टीचे गुण नेपथ्याच्या गुणांत मिसळून जातात आणि ती करणारी व्यक्ती निकालपत्रात कोठेच नसते. तेथे वेगळे पारितोषिक सुरू करण्याचा विचार संबंधितांनी करावा, अशी विनंती मी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे करणारच आहे.

आपल्याकडे मागणे त्याहून लहान आहे. आपल्या परीक्षकांनी नाटकातल्या वस्तूंविषयी एखादे वाक्य लिहिले, मग ते स्तुतीचे असो वा दोष दाखवणारे, तर त्याबरोबर त्या कोणी केल्या त्याचे नाव द्यावे. जाहिरातीत ते नाव नसेल तर प्रयोगानंतर विंगेत येऊन विचारावे. सांगायला कोणीतरी तेथे नक्की सापडेल, कारण पेले धुऊन, मोजून ट्रंकेत ठेवल्याशिवाय त्या माणसाला घरी जाता येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, मिरज